महाग डबा नको, जमणारा डबा हवा!

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं आणि कोल्हापूरच्या कांबळवाडीचं नाव सगळ्या देशाला कळलं. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत रायफलमध्ये जगज्जेती झाली होती. त्यामुळे 'आपणही रायफल शूटिंग करून बघावं का?' हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल, तर त्यात नवल नाही. जरूर करा. पण सुरुवात करताच एक प्रश्न दारात उभा राहतो आणि त्याचं उत्तर बहुतेक जण ऐकीव माहितीवर देतात. तो म्हणजे, गोळी कुठली घ्यायची?

स्वप्नीलचा प्रकार 50 मीटरचा, .22 काडतुसांचा. आपल्याकडे नवखा खेळाडू मात्र सहसा 10 मीटर एअर रायफलनं सुरुवात करतो. त्यात लागतात शिशाचे 4.5 मिलिमीटरचे छर्रे, म्हणजे रेंजवरच्या भाषेत पेलेट. घरातली चर्चा सगळी रायफलवर होते. ती लाखांच्या घरात जाते, त्यामुळे होणारच. आईबाबा कर्ज काढायचं की क्लबची रायफल वापरायची, यावर महिनाभर बोलतात. पेलेटचा डबा मात्र दुकानात पाच मिनिटांत ठरतो. 'अमुक चॅम्पियन हाच वापरतो' म्हणून सगळ्यात महाग, नाहीतर 'सरावालाच तर हवाय' म्हणून सगळ्यात स्वस्त. माझं म्हणणं असं की दोन्ही चूक. डबा किमतीवर किंवा नावावर ठरवायचा नसतो. तो तुमच्या रायफलच्या नळीनं ठरवायचा असतो.

जरा हिशेब बघा. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दशांशात गुण मोजतात तेव्हा केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकलं की 0.1 गुण जातो. मॅच 60 शॉट्सची. प्रत्येक शॉटला तेवढाच फटका बसला तर सहा गुण गेले! आणि या खेळात सहा गुणांत कितीतरी नावं वरखाली होतात.

आता यात पेलेटचा काय संबंध? पेलेट हातात घेऊन नीट बघा. पुढे सपाट डोकं, मध्ये कंबर आणि मागे घागऱ्यासारखा पोकळ भाग. हवेचा दाब आला की तो घागरा फुलून नळीच्या आतल्या आट्यांना घट्ट बसतो आणि पेलेट गिरक्या घेत निघतं. डोकं नळीला सैल झालं किंवा जास्त घट्ट झालं, तर प्रत्येक शॉट थोडा वेगळा जातो. म्हणून मॅचच्या डब्यांवर डोक्याचं माप छापलेलं असतं : 4.49, 4.50, 4.51. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. डोळ्याला तो दिसत नाही, पण टार्गेटवर दिसू शकतो. शिवाय पेलेट साच्यातून निघतात आणि साचे झिजतात. म्हणून एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन लॉटही तुमच्या नळीत वेगळे वागू शकतात.

हे काही फक्त आपलं दुखणं नाही. अमेरिकेत मोठ्या रायफलचे शौकीन स्वतः काडतुसं भरतात आणि आपल्या रायफलला जमेल अशी डाय निवडण्यात तासन् तास घालवतात. आपल्याकडे विनापरवाना घरी काडतूस भरणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तो नाद मनातही आणू नका. तसंही .22 चं काडतूस एकदा उडालं की पुन्हा भरण्यासारखं राहत नाही. म्हणून त्या प्रकारातले मोठे खेळाडू काय करतात? एली, लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर आपली रायफल नेतात, वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि जमलेला लॉट उचलतात. निवड करायची ती झाडून बघूनच, हे तत्त्व तुमच्या पेलेटलाही तसंच लागू आहे.

यावर कोच म्हणतील, 'अरे, आधी नीट उभा राहायला शीक, मग पेलेटचं बोल.' त्यांचं बरोबर आहे. पहिले काही महिने तुमचे शॉट पेलेटमुळे नाही, तर श्वास, खांदा आणि ट्रिगरमुळे भरकटतात. त्या काळात टेस्टिंगच्या मागे लागू नका. पण तेव्हाही एक पथ्य पाळा. डबे सारखे बदलू नका. एकच प्रकार, एकच माप आणि शक्य असेल तर एकच लॉट. नाहीतर शॉट डावीकडे गेला तो हातामुळे की पेलेटमुळे, हे कधीच कळणार नाही. वाईट गोष्ट ही की अशा वेळी पोरं दोष स्वतःलाच देतात. 'आपल्याला हे जमत नाही' म्हणून सोडूनही देतात.

उभं राहणं स्थिर झालं की मग टेस्ट करा. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवायची आणि कोचच्या देखरेखीखाली एकेका मापाचे दहा-दहा शॉट झाडायचे. भोक जिथे लहान आणि गोल, तो डबा तुमचा. ते भोक दहाच्या ठिपक्यावर पडलं नाही तरी चालेल, साइट नंतर हलवता येते. बघायचं ते इतकंच की दहा शॉट एकमेकांच्या किती जवळ आहेत. जमलेल्या डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा. टेस्टमध्ये स्वस्त डबा जिंकला तर खुशाल स्वस्त घ्या, लाज कसली?

अडचण कळते. टेस्टसाठी चार डबे विकत घ्यायचे तर एका विद्यार्थ्याला परवडत नाही. एका डब्यात बहुतेकदा पाचशे पेलेट येतात आणि तुम्हाला हवे असतात फक्त दहा. म्हणूनच हे काम क्लबचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. प्रत्येक क्लबनं एक क्लॅम्प आणि तीन-चार मापांचे उघडे डबे ठेवावेत आणि नव्या खेळाडूला दहा-दहा पेलेट मोजून द्यावेत. ज्यांच्या रायफलला एकच लॉट जमतो, त्यांनी तो एकत्र मागवावा. लाखांच्या रायफली असलेल्या रेंजवर हा खर्च चिल्लर आहे. पण गावाकडून एसटीनं येणाऱ्या, क्लबच्याच रायफलवर खेळणाऱ्या मुलीसाठी तो जिल्हा ते राज्य एवढं अंतर ठरू शकतो.

तेव्हा पुढच्या रविवारी रेंजवर गेलात की सेक्रेटरींना सरळ विचारा, 'सर, आपल्याकडे पेलेट टेस्ट करायची सोय आहे का?' एकट्यानं विचारलंत तर 'बघू' म्हणतील. पाच-सहा जण मिळून विचारा.

आणि हो, पेलेट शिशाचे असतात. डबा खोलण्याआधी नाही, पण जेवणाचा डबा खोलण्याआधी हात साबणानं धुवा. यात कुठलाही लॉट चालत नाही!