लिंक सगळ्यांकडे आहे, अनुभव कुणाकडे?

कॉलेजसाठी बॅग घ्यायची म्हणून नेटवर शोधा आणि पहिले पाच ब्लॉग उघडा. फोटो तेच, वाक्यं तीच, शेवटचं 'आत्ताच खरेदी करा'सुद्धा तेच! पण घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रो गाठताना त्या बॅगेची चेन टिकते का? हे एकही ब्लॉग सांगत नाही. लिहिणाऱ्याने बॅग हातात घेतलेलीच नसते ना.

अंधेरी असो की मुलुंड, कट्ट्यावर पॉकेटमनीचा विषय निघाला की अॅफिलिएट मार्केटिंग येतंच. तुमच्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की तुम्हाला कमिशन. आयडिया जुनीच आहे, अॅमेझॉनने ती १९९६ मध्येच सुरू केली. नवीन आहे ते एआय. एका रात्रीत वीस लेख तयार! मग प्रॉब्लेम कुठे आहे?

आधी हिशेब करू. समजा ७०० रुपयांच्या बॅगेवर ५ टक्के कमिशन, म्हणजे ३५ रुपये. महिन्याला ५ हजार हवे असतील तर १४३ बॅगा खपायला हव्यात. शंभरातल्या दोघांनी खरेदी केली असं धरलं, तरी सात हजारांहून जास्त क्लिक लागतात. वस्तू परत गेली की तिचं कमिशनही गेलं.

एवढे वाचक आणणार कोण? गुगल? मार्च २०२४ मध्ये गुगलने स्पॅमचे नियम कडक केले. फक्त सर्चमध्ये वर येण्यासाठी घाऊक पाडलेले लेख, मग ते माणसाने लिहिलेले असोत की मशीनने, थेट कारवाईच्या कक्षेत आले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच दर्जा तपासण्याच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द आला होता. शिवाय आता साध्या प्रश्नांची उत्तरं गुगलचा एआय सर्चच्या पानावरच देतो. सगळीकडे मिळणारी माहिती वाचायला तुमच्या ब्लॉगवर कुणी का येईल?

दुसरी बाजू कायद्याची. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी सूचना काढल्या. शिफारशीमागे आर्थिक संबंध असेल तर तो सोप्या शब्दांत, ठळक दिसेल असा सांगायचा. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा 'या लिंकवर मला कमिशन मिळतं' ही ओळ पानाच्या तळाशी लपवू नका, वरच लिहा.

आणि कॉपी करता येणार नाही असं काय आहे तुमच्याकडे? रोजची बोरिवली लोकल! बॅग पुढे छातीशी धरून उभं राहता येतं का, पावसात वह्या कोरड्या राहतात का, दोन महिन्यांनी शिवण उसवते का? स्वतःचे फोटो काढा, तारखा टाका. वीस लेखांऐवजी दोनच लिहा.

बॅग फाटली तर तेही लिहा. त्या लेखावर एक रुपयाही मिळणार नाही. पण वाचक तुमच्या पुढच्या लिंकवर विश्वास ठेवेल, तो त्याच लेखामुळे.