उपदेश उकळण्याचा, प्रश्न पाण्याचा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ने माणसे लुळी पाडली. अनेक रुग्णांच्या शौचनमुन्यांत ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी’ हा आतड्याचा जिवाणू आढळला. दूषित पाणी आणि अर्धकच्चे मांस या त्याच्या वाटा. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. शुद्धीकरण केंद्राचे पाणी मात्र तेथवर पोचले नव्हते.

‘पाणी उकळा, अन्न नीट शिजवा’ हा उपदेश खरा. पण सरपणालाही महाग असलेल्या मजुराने तो पाळायचा कसा? नीरेकाठच्या निरवांगीपासून साऱ्या ऊसपट्ट्यात, कोप्यांत राहणाऱ्या तोडणी कामगारांना शुद्ध पाणी देणे हे शासनाचे व कारखान्यांचे कर्तव्य आहे. प्रत्येक ग्रामसभेत पाणीतपासणीचा अहवाल मागणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे काम होय.