फाटक कुणाला अडवणार?

मुंबईच्या लोकल स्थानकांवर मेट्रोसारखी स्वयंचलित तिकीट-फाटके बसवावीत, ही मागणी अधूनमधून पुढे येते. पास किंवा तिकीट यंत्राला दाखवायचे, झडपा उघडल्या की आत जायचे. नाही दाखवले तर बाहेरच राहायचे. फुकट्यांना आळा बसेल, रेल्वेचे बुडणारे उत्पन्न वाचेल, स्थानके मोकळी आणि सुरक्षित होतील, असे समर्थक सांगतात. चर्चा होते ती पैशांची, नाहीतर तंत्रज्ञानाची. रोज दोनदा या फाटकातून जावे लागणाऱ्या बायकांचे काय, हे कुणी विचारत नाही. आपण ते विचारायला हवे आणि फाटके बसण्याआधीच विचारायला हवे.

आपला यंत्राला विरोध आहे, असा याचा अर्थ नाही. फुकट प्रवासाची पाठराखणही आपल्याला करायची नाही. पगाराच्या दिवशी आधी पासाचे पैसे बाजूला काढून ठेवणाऱ्या बायका आपल्यातच आहेत आणि विनातिकीट चढणाऱ्यांचा त्यांना रागही येतो. मुद्दा वेगळा आहे. यंत्राला एकच प्रश्न विचारता येतो : पैसे भरले का? दारावर माणूस असला तर तो आणखी चार गोष्टी पाहतो : ही बाई घाबरलेली आहे का, हिच्या कडेवर मूल आहे का, हिच्या मागे कुणी लागले आहे का, ही चुकून इथे उतरली आहे का. बायकांच्या दृष्टीने बरेचदा हेच प्रश्न महत्त्वाचे असतात. म्हणून फाटक हवे की नको, यापेक्षा फाटकापाशी माणूस राहणार की जाणार, हा खरा प्रश्न आहे.

स्थानक म्हणजे नुसती गाडी नव्हे

घाटकोपरला हा फरक डोळ्यांनी दिसतो. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तेव्हापासून तिथे दोन प्रकारची स्थानके शेजारी-शेजारी उभी आहेत. मेट्रोच्या स्थानकात तपासणी, फाटक, सरकते जिने. लोकलच्या स्थानकात दोन्ही बाजूंनी आत-बाहेर सतत वाहणारी माणसे. मेट्रोत स्वच्छता आहे, उजेड आहे, बाईला तिथे बरे वाटते, हे मान्यच करायला हवे. पण मेट्रोला मालडबा नाही. मासळीची पाटी, भाजीचे गाठोडे, फुलांची टोपली घेऊन पहाटे निघणाऱ्या बायकांचा विचार त्या रचनेत मुळातच नाही. लोकल मात्र त्यांच्याच आधारावर आणि त्यांनाच आधार देत वाढली. मालडब्यातल्या कोळणी, महिला डब्यात पिना, टिकल्या, रुमाल विकणाऱ्या बाया, चार घरची कामे करणाऱ्या मोलकरणी, नर्सेस, शिक्षिका, कचेरीतल्या कारकून, या सगळ्यांच्या कमाईत लोकलचा वाटा आहे. चर्चगेट–बोरिवली मार्गावर ५ मे १९९२ रोजी पहिली ‘लेडीज स्पेशल’ धावली, तीही नोकरदार बायकांची गर्दी डोळ्यांआड करणे अशक्य झाले म्हणूनच.

शिवाय स्थानक हा या शहरात रस्ताही आहे. रुळांमुळे मुंबईचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. इकडून तिकडे जायला अनेक ठिकाणी जवळचा मार्ग म्हणजे स्थानकाचा पूल. मुलाला शाळेत सोडणारी आई, पलीकडच्या मंडईत निघालेली बाई, दवाखान्यात जाणारी म्हातारी याच पुलावरून जाते. स्थानकाबाहेर दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या-फुलवाल्यांना स्वच्छतागृह लागले तर अनेकदा आत फलाटावरच जावे लागते. बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ साली या शहरात ‘राइट टू पी’ मोहीम उभी करावी लागली, यावरून बाहेर काय सोय आहे ते कळते. कायद्याने या सगळ्याजणींनी प्लॅटफॉर्म तिकीट काढायला हवे, हे खरे. पण आजवर हा व्यवहार समजुतीने चालला. फाटक आले की समजूत संपते आणि प्रत्येक फेरीचे पैसे सुरू होतात.

पूल बंद झाला म्हणून पलीकडे जाण्याची गरज संपत नाही. माणसे रूळ ओलांडतात. रेल्वे सुरक्षेवरच्या अनिल काकोडकर समितीने २०१२ च्या अहवालात, देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे रूळ ओलांडताना मरतात आणि त्यांतली सुमारे ६ हजार मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे नोंदवून ‘कत्तल’ हाच शब्द वापरला होता. तेव्हापासून भिंती उभ्या राहिल्या, पूल वाढले, आकडा बराच खाली आला. पुलाच्या तोंडाशी फाटक बसवून तो पुन्हा वर न्यायचा का?

कायद्याला कळते ते यंत्राला कळत नाही

रेल्वे अधिनियम १९८९ मधले कलम १३९ आपण प्रत्येकीने वाचावे असे आहे. तिकीट नसलेल्या, दंड न भरणाऱ्या प्रवाशाला रेल्वेतून बाहेर काढण्याचा अधिकार या कलमाने कर्मचाऱ्याला मिळतो. पण त्यालाच एक अट जोडली आहे. सोबत पुरुष नसलेली बाई किंवा मूल असेल, तर जिथून प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे ठिकाण सोडून दुसरीकडे कुठेही काढता येत नाही, आणि तेही फक्त दिवसा.

‘पुरुष सोबत नसलेली’ या शब्दांवर आपण भांडू शकतो. बाईला मुलाच्या रांगेत बसवणारी ही जुनी पालकत्वाची दृष्टी आहे. पण तिच्या पोटात एक शहाणपण आहे. रात्री अकरा वाजता तिकिटाशिवाय सापडलेली बाई म्हणजे केवळ ‘फुकटी’ नव्हे, तिच्यावर काही संकट असू शकते, हे कायद्याने ओळखले आहे. मारहाणीला कंटाळून अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडलेली, पोराचा हात धरून समोर आली त्या गाडीत चढलेली बाई आपल्या संघटनांना नवी नाही. गर्दीत पर्स मारली गेली, पासही त्यातच गेला, असे तर कुणाचेही होते. दारावरचा टीसी अशा बाईवर डाफरेल, दंड मागेल, प्रसंगी अपमानही करेल. तरी त्याच्याशी बोलता येते. झडपेशी काय बोलणार? ती या कलमाची अट कशी पाळणार?

आता तिकीट मोबाइलवर निघते, फाटकही मोबाइलवरचा कोड वाचेल, मग अडचण काय, असे विचारले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या फक्त ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याकडे असल्याचे सांगितले. त्यात साधे फोनही आले. घरातला स्मार्टफोन बहुधा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. खिडकीवर रोख पैसे देऊन मिळणारा कागदी पास आणि कागदी तिकीट चालणार नसेल, तर कामाला निघालेल्या बाईला घरातल्या पुरुषाकडे फोन मागावा लागेल.

गर्दीचा हिशेब

आता साधा हिशेब मांडू. अशा एका फाटकातून मिनिटाला साधारण २५ ते ३० माणसे जातात, तीही सगळ्यांचे तिकीट पहिल्या खेपेला वाचले गेले तर. ऐन गर्दीत बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार हजारांवर माणसे असतात. चर्चगेटला येईपर्यंत त्यांतली अर्धी उतरली असे धरले, तरी दोन हजार उरतात. पुढची गाडी तीन मिनिटांत येते. म्हणजे एका मार्गावरची एका वेळची माणसे तुंबू न देता बाहेर काढायला निदान बावीस-तेवीस फाटके सतत चालू लागतील. धीम्या आणि जलद अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या आल्या की दुप्पट. आत येणाऱ्यांची वेगळी. चर्चगेटला निदान जागा तरी आहे. दादर, कुर्ला, ठाण्याच्या अरुंद जिन्यांच्या तोंडाशी ही रांग कुठे उभी राहणार?

जिन्याच्या तोंडाशी माणसे तुंबली की काय होते, ते मुंबईने २९ सप्टेंबर २०१७ रोजी पाहिले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसामुळे लोक थांबले, मागून लोंढा येत राहिला, आणि २३ माणसे चेंगरून मेली. तिथे फाटक नव्हते. पण वाहत्या गर्दीला पुढे वाट मिळाली नाही, तर काही मिनिटांत काय घडते, एवढे त्यातून शिकायला हवे.

चेंगराचेंगरी रोज होत नाही. रोज होतो तो दुसरा त्रास. थांबलेली, दाटलेली गर्दी म्हणजे हात चालवणाऱ्यांना मोकळे रान, हे कुठल्याही मुलीला सांगावे लागत नाही. शिवाय फाटके असलेल्या शहरांत एक युक्ती रूढ आहे : विनातिकीट माणूस पुढच्याच्या पाठीला चिकटून झडप मिटायच्या आत घुसतो. पुढे बाई असेल तर तिने काय करायचे?

सुरक्षित कुणासाठी?

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, फाटके हवीतच. रिकामटेकडे, दारुडे, टोळकी बाहेर राहतील. रात्री फलाटावर उभे राहायला भीती वाटणार नाही. ही भावना उडवून लावण्यासारखी नाही. रात्रीच्या रिकाम्या फलाटाची भीती खरी आहे.

पण महिला डब्यात घुसणारा, जिन्यावर धक्का मारणारा, समोरच्या फलाटावरून हातवारे करणारा पुरुष बहुतेक वेळा पासधारक असतो. फाटक त्याला सन्मानाने आत घेते. रात्री उशिरा स्थानक सुरक्षित वाटते ते तिथे माणसे असल्यामुळे. चहाची टपरी उघडी असते, तिकीट खिडकीत कुणी जागे असते, दारात टीसी असतो, फलाटावर पोलीस असतो. जुलै २०१७ पासून मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाचा सगळा कारभार स्त्री कर्मचारी पाहू लागल्या, तेव्हा त्याचे अप्रूप वाटले. अप्रूप वाटले याचाच अर्थ बाकीच्या स्थानकांवर काय स्थिती आहे ते उघड आहे. यंत्रे बसवून दारावरची माणसे कमी केली, तर बायकांची एक नोकरीही जाईल आणि बायकांना हाक मारायला असलेले माणूसही जाईल.

आणि स्थानकाचे दार मिटले की आधी कोण बाहेर राहते, याचा अनुभव फार जुना नाही. करोनाच्या काळात १५ जून २०२० पासून लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. घरकामगार बाया त्या यादीत नव्हत्या. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. ज्यांचे पहिले काम सकाळी सातला सुरू होते त्यांनी अकराची गाडी धरून कुठे जायचे होते? पुढे नोव्हेंबरात, मुलांना घेऊन येणाऱ्या बायकांना दारातच रोखण्याचे ठरले. मूल ठेवायला घरी कुणी नाही म्हणून तर ते सोबत होते. साथीचे कारण खरे होते, यात वाद नाही. पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठली बाई होती आणि कुठली नव्हती, हे त्या वेळापत्रकाने दाखवून दिले. फाटकाचे नियमही त्याच टेबलांवर ठरणार आहेत.

आपण काय मागायचे

नुसते ‘नको’ म्हणून भागणार नाही. फाटकांचा विचार होणार असेल तर आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात.

एक, प्रत्येक प्रवेशाच्या ठिकाणी एक रुंद दार असावे आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत तिथे माणूस असावा. गरोदर बाई, कडेवर मूल असलेली, पाटीवाली, कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारी यांची वाट हीच असेल. माणूस नसेल तेव्हा फाटके उघडी राहतील. ब्रिटनमधल्या रेल्वे स्थानकांवर ही रीत आहे, ती इथे अशक्य नाही.

दोन, पूर्व-पश्चिम जोडणारा पूल फाटकाच्या बाहेर, सर्वांना मोकळा हवा. तसेच स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी फाटकाच्या दोन्ही बाजूंना हवे.

तीन, रोखीने मिळणारा कागदी पास आणि तिकीट प्रत्येक फाटकावर चालले पाहिजे.

चार, कलम १३९ ची अट पाळण्याची जबाबदारी कुणाची, हे लेखी ठरावे. एकट्या बाईला रात्री झडपेआड अडवून ठेवता येणार नाही.

पाच, दारावरची एकही जागा यंत्राच्या नावाखाली रद्द होऊ नये, आणि त्या जागांवर बायकांची भरती वाढावी.

सहा, आधी एकाच स्थानकावर, ऐन गर्दीत, प्रयोग व्हावा. त्याच्या पाहणीत घरकामगार, कोळणी, फेरीवाल्या यांच्या संघटना आणि अपंग स्त्रियांच्या प्रतिनिधी असाव्यात.

मैत्रिणींनो, यासाठी रेल्वेच्या पत्राची वाट पाहायला नको. प्रत्येक गटाने आपल्या जवळचे एक स्थानक घ्यावे. सकाळी आठ ते दहा आणि रात्री नऊनंतर तिथे उभे राहून नोंद करावी : कुठल्या दारातून किती बायका येतात, किती जणींकडे ओझे आहे, किती जणींसोबत मुले आहेत, किती जणी गाडीसाठी नव्हे तर नुसत्या पुलासाठी येतात, दारावर कर्मचारी असतो का. पुढच्या अंकात या नोंदी छापता आल्या तर त्या घेऊन रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे जाता येईल. बुडालेल्या तिकिटांचा हिशेब त्यांच्याकडे तयार असतो. बायकांचा हिशेब आपल्यालाच न्यावा लागेल.