सार्कोमावरचं औषध: नेम कशावर धरला?

मृदू ऊतींचा कर्करोग, म्हणजे सार्कोमा, हा एकच आजार नव्हे. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा ऊतींत उद्भवणारे पन्नासहून अधिक आजार या एका नावाखाली मोडतात. त्यामुळे तो पसरल्यावर लक्ष्यवेधी औषधांनी किती फायदा होतो, याचं सरसकट उत्तर देणं म्हणजे रुग्णाची दिशाभूल करणं होय. पाझोपॅनिबचं उदाहरण घ्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅलेट’ चाचणीत ३६९ रुग्ण होते. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यांक काळ औषधावर ४.६ महिने आणि प्लासिबोवर १.६ महिने होता. आयुष्याचा हिशेब मात्र १२.५ विरुद्ध १०.७ महिने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. हे औषध एकाच वेळी अनेक रेणूंना रोखतं. गाठीचं मूळ त्यांपैकी कशात आहे, हे बहुतेक प्रकारांत ठाऊकच नसतं.

जठर-आतड्यांतल्या ‘जिस्ट’ या सार्कोमाची गोष्ट वेगळी आहे. बहुतांश जिस्टचं मूळ ‘किट’ जनुकाच्या बिघाडात असल्याचं जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. त्याच बिघाडावर चालणाऱ्या इमॅटिनिबने २००२ च्या चाचणीत १४७ पैकी निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी ठळकपणे आक्रसल्या, आणि पुढे मध्यांक आयुर्मान पाच वर्षांच्या जवळ गेलं. किमोला जवळपास दादच न देणारा हा आजार होता! तरी जिस्टमध्येही काही ठरावीक जनुकीय बदल असले, तर हेच औषध निष्प्रभ ठरतं. उलट सार्कोमावरचंच ओलाराटुमॅब हे औषध पाहा. १३३ रुग्णांच्या चाचणीत त्याने मध्यांक आयुर्मान १४.७ वरून २६.५ महिन्यांवर नेल्याचं दिसलं आणि २०१६ साली अमेरिकेत त्याला झटपट मान्यता मिळाली. मग ५०९ रुग्णांच्या चाचणीत आकडे आले औषधासह २०.४ आणि त्याविना १९.७ महिने. औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं.

आजार दुर्मीळ, मग प्रत्येक प्रकारासाठी मोठी चाचणी कुठून आणायची, असा आक्षेप घेतला जातो. अडचण खरी आहे. पण मूळ नेमकं सापडलं असेल, तर थोडे रुग्णही पुरेसं सांगतात: ‘एनटीआरके’ जनुकाची चुकीची जोडणी झालेल्या ५५ रुग्णांपैकी ७५ टक्क्यांना लॅरोट्रेक्टिनिब लागू पडलं. दुसरा आक्षेप मनाला अधिक भिडतो. आजार तीन महिने थोपला, हेही थोडं आहे का? नाही, मुळीच नाही. ते तीन महिने विकत घ्यायचे की नाही, हे रुग्णानेच ठरवावं. पण त्याच्यापुढे गाठ थांबल्याचा आकडा आणि आयुष्याचा आकडा दोन्ही हवेत, शिवाय थकवा, जुलाब, रक्तदाब आणि खर्चही. इमॅटिनिबच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारल्यामुळे स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट भारतात मोकळी राहिली. प्रत्येक औषधाच्या वाट्याला हे येत नाही. म्हणून घरात कुणाला सार्कोमाचं निदान झालं असेल, तर महागडी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा: नेमका प्रकार कोणता, बायोप्सीचे नमुने सार्कोमा जाणणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहिले का, आणि या प्रकारात जनुकीय तपासणीचा उपयोग असेल तर ती झाली का?