मंडपात खणखणीत, मोबाइलवर फाटका! कार्यक्रमाचा आवाज बिघडतो कुठे?

गावच्या सप्ताहातले कीर्तन असो, शहरातली व्याख्यानमाला असो वा गणेशोत्सवातली गायनस्पर्धा. हल्ली बहुतेक कार्यक्रम मोबाइलवर थेट पाहता येतात. चित्र स्वच्छ असते. पण वक्त्याने जरा आवाज चढवला की शब्द फाटतात आणि टाळ-पखवाज सुरू झाले की नुसती खरखर उरते. समोर मंडपात बसलेल्यांना मात्र सारे स्पष्ट ऐकू येत असते. दोष माइकवर किंवा नेटवर्कवर ढकलून मंडळी मोकळी होतात. अनेकदा ते दोघेही निर्दोष असतात. गडबड असते ती मिक्सरकडून कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या एका वायरीत.

नेमके होते काय?

माइकमधून निघणारा संकेत अगदी क्षीण असतो, साधारण काही मिलिव्होल्टचा. मिक्सर तो वाढवतो. व्यावसायिक मिक्सरच्या आउटपुटची प्रमाण पातळी असते १.२३ व्होल्ट, म्हणजे साउंडवाल्यांच्या भाषेत ‘प्लस फोर’. घरगुती उपकरणांची लाइन पातळी त्याहून कमी, सुमारे ०.३२ व्होल्ट. आणि मोबाइलचा हेडसेट जॅक किंवा साध्या कॅमेऱ्याचे माइक इनपुट पुन्हा मिलिव्होल्टचीच वाट पाहत असते. जिथे पाच मिलिव्होल्ट पुरेसे, तिथे सव्वा व्होल्ट येऊन आदळतो. हा फरक जवळपास अडीचशे पटींचा. कॅमेऱ्यातला अ‍ॅम्प्लिफायर ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे ध्वनिलहरींचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात.

मग कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग लेव्हल कमी केली तर? इथेच बहुतेकांची फसगत होते. अनेक उपकरणांत हे नियंत्रण पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे असते. संकेत त्याआधीच कापला गेलेला असतो. मीटर हिरवा दिसतो आणि हाती येतो तो हळू, पण फाटकाच आवाज. मिक्सरचा मास्टर खाली घ्यावा, तर मागच्या रांगेतून ओरड होते. रेकॉर्डिंगसाठी स्वतंत्र ऑक्स आउट घेणे शहाणपणाचे, कारण मंडपाचा आवाज आणि रेकॉर्डिंगचा आवाज वेगळे होतात. पण तो ऑक्स अगदी तळाला ठेवावा लागला, तर मूळ आवाज उतरतो आणि मिक्सरच्या आउटपुटची स्वतःची सूंसूं आहे तेवढीच राहते.

एक-दोन रुपयांचा उपाय

मिक्सरने आपल्या नेहमीच्या पातळीवर काम करावे आणि संकेत वाटेत कमी व्हावा, हा सरळ मार्ग. त्यासाठी वापरतात तो अटेन्युएटर, बोलीत ‘पॅड’. तो आवाज आणि मिक्सरची सूंसूं दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली आणतो. २० डीबीचा पॅड व्होल्टेज दहा पट कमी करतो, ४० डीबीचा शंभर पट. लाइनवरून माइक इनपुटवर यायचे तर ४० ते ५० डीबी लागतात. व्यावसायिक लाइनवरून घरगुती लाइनवर यायला १२ पुरतात.

आत काही जादू नाही. शाळेत शिकवलेली रोधांची एकसर जोडणी आठवा. १० किलो-ओहमचा एक रोध संकेताच्या वाटेत आणि १०० ओहमचा दुसरा संकेत व ग्राउंड यांच्यामध्ये. या दुसऱ्यावरचे व्होल्टेज कॅमेऱ्याला दिले, की १.२३ व्होल्टचे सुमारे १२ मिलिव्होल्ट होतात. पुढची बारीक जुळणी ऑक्सवर. असा रोध एक-दोन रुपयांना मिळतो. डाग देता येत नसेल, तर तयार पॅडही बाजारात आहेत. कॅमेऱ्याला ‘लाइन’चा स्विच असेल, तर तेवढीही गरज नाही. फक्त तो ‘माइक + ४८ व्होल्ट’वर राहिलेला नाही, हे बघावे, ते ४८ व्होल्ट उलटे मिक्सरच्या आउटपुटमध्ये जातात.

मिक्सरच्या एक्सएलआर आउटमधून कॅमेऱ्याच्या छोट्या स्टिरिओ पिनला सरळ वायर जोडली, तर आणखी एक गंमत होते. डावीकडे संकेत आणि उजवीकडे त्याचाच उलटा संकेत जातो. हेडफोनवर आवाज फक्त विचित्र वाटतो, पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही मिसळून जवळजवळ गायब होतो!

वायर कोणाची?

खरा पेच तांत्रिक नाहीच. साउंडवाला म्हणतो, माझ्याकडून आवाज बरोबर जातोय. व्हिडिओवाला म्हणतो, माझ्याकडे येतोच फाटका. दोघेही खरे बोलत असतात. मधली वायर कोणाच्याच बिलात नसते. एलईडी पडदा आणि ड्रोनसाठी पैसे काढणाऱ्या आयोजकांनीच ती जबाबदारी घ्यायला हवी. आठवडाभर आधी दोघांची फोनवर गाठ घालून दिली, तरी अर्धे काम होते.

कारण बिघडलेले चित्र एकवेळ चालवून घेता येते. कापलेली लहर मात्र मूळ रूपात परत येत नाही. सॉफ्टवेअर अंदाजाने ठिगळ लावते, एवढेच. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू झाली आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. त्या पहिल्या वक्त्यांचा आवाज टिपण्याची सोयच नव्हती. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे. ऐंशी वर्षांच्या एखाद्या कीर्तनकाराचे निरूपण दोन रुपयांच्या रोधापायी कायमचे खरखरीत राहणार असेल, तर त्याला तंत्रज्ञानाची मर्यादा म्हणता येणार नाही.

चाचणीही खरी व्हावी. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ हळूच पुटपुटून काही कळत नाही. पखवाज आणि टाळ पूर्ण जोरात वाजवून घ्यावेत, हेडफोन मिक्सरला न लावता कॅमेऱ्याला लावावा आणि मीटरचा सर्वोच्च झोका उणे १२ च्या आसपास थांबतो का, ते पाहावे. उरलेली जागा कीर्तन रंगल्यावर लागतेच.