ग्रहण चंद्राला, शिक्षा गरोदर बाईला

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतभरातून दिसू शकणारे खग्रास चंद्रग्रहण झाले. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी पृथ्वीची गडद सावली चंद्रबिंबाला लागली. ११ पासून १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत संपूर्ण बिंब सावलीत होते. १ वाजून २६ मिनिटांनी ते मोकळे झाले. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर वसलेल्या लोणी काळभोरच्या आकाशातही हीच मिनिटे होती. हे गाव आज ना धड खेडे, ना धड शहर. तेल कंपन्यांचे डेपो, रेल्वेचे स्थानक, महामार्गाची अखंड वर्दळ आणि पलीकडे टिकून राहिलेली शेती. यातले काहीही ग्रहणासाठी थांबत नाही. टँकर भरले जातात, गाड्या धावतात, रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका बाळंतपण पार पाडते. थांबते ती फक्त घरातली चूल, आणि ग्रहणाचा सारा भार जिच्यावर टाकला जातो ती गरोदर बाई.

चंद्रग्रहण म्हणजे सावली, याहून त्यात अधिक काही नाही. सूर्याच्या विरुद्ध दिशेला पृथ्वीची सावली निमुळती होत सुमारे १४ लाख किलोमीटरपर्यंत पसरलेली असते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तेथे या सावलीची रुंदी ९ हजार किलोमीटरच्या आसपास भरते आणि चंद्राचा व्यास तर ३,४७४ किलोमीटर. म्हणूनच चंद्र तीत पुरता बुडतो आणि तासभर, प्रसंगी अधिकही, बुडालेला राहतो. २०१८ च्या जुलैमध्ये, गुरुपौर्णिमेच्या रात्री, तो १०३ मिनिटे राहिला होता. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून वा खालून निसटतो. या दोन कक्षा जेथे छेदतात त्या दोन बिंदूंनाच आपल्या ज्योतिषशास्त्राने राहू आणि केतू म्हटले. खग्रास अवस्थेत चंद्र तांबूस दिसतो तोही कोणाच्या कोपामुळे नव्हे. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला, तिच्या कडेवरच्या साऱ्या उदयास्तांचा तांबडा प्रकाश त्यावर पडलेला असतो.

हे ज्ञान परक्यांकडून उसने आणलेले नाही. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वीची छाया चंद्राला झाकते असे स्पष्ट सांगितले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून महाराष्ट्रातले पंचांगकर्ते शतकानुशतके ग्रहणे काढीत आले. ज्या पंचांगात वेध पाळावेत असे छापलेले असते, त्याच पंचांगातील स्पर्श-मोक्षाची मिनिटे राहूला विचारून काढलेली नसतात; ती सावलीच्या गणिताने काढलेली असतात. गणित छापणाऱ्याने स्वतःपाशी ठेवावे आणि भीती तेवढी वाचणाऱ्याच्या घरी पोचवावी, असा हा व्यवहार आहे.

मग ग्रहण सुरक्षितपणे पाहावे कसे? जसा रोज चंद्र पाहतो तसे, उघड्या डोळ्यांनी. चंद्रावरून येतो तो सूर्याचाच परावर्तित, सौम्य प्रकाश आणि ग्रहणात तर तो आणखी मंदावतो. चष्मा नको, काळी काच नको. दुर्बिणीतूनही तो निर्धास्त पाहता येतो. गोंधळ होतो तो सूर्यग्रहणाशी. सूर्यबिंबाकडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. तेथे योग्य प्रमाणित गाळणी हवीच. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणात अनेक शहरांचे रस्ते भरदुपारी ओस पडले होते. त्या भीतीत शहाणपणाचा अंश होता. तो डोळ्यांपुरता होता; भीती मात्र साऱ्या घरादाराला पुरली आणि चंद्रालाही चिकटली.

या भीतीची किंमत कोण देते, हा खरा प्रश्न आहे. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात. ७ सप्टेंबरच्या हिशेबाने दुपारी एकच्या सुमारास जेवण बंद, ते रात्री दीडपर्यंत. बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना शास्त्र सवलत देते असे सांगितले जाते. परंतु ग्रहणाच्या साडेतीन तासांत घराची नजर सर्वांत कडक असते ती गर्भवतीवरच. तिने पाणी प्यायचे नाही, झोपायचे नाही, नैसर्गिक विधीलाही जायचे नाही, चिरायचे नाही, शिवायचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्यांना तहानलेले आणि जागे ठेवणे हा सावधपणा नव्हे. चंद्राच्या सावलीत नसलेला धोका घरात निर्माण करणे होय.

यापुढचा अन्याय अधिक क्रूर आहे. ग्रहणात काही चिरले तर मूल दुभंगलेल्या ओठाचे जन्मते, असे मानले जाते. वास्तविक ओठाची जडणघडण गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात पुरी होते. पुष्कळदा दिवस गेल्याची खात्रीही तोवर झालेली नसते. सातव्या महिन्यातील विळीचा त्याच्याशी संबंध असणे अशक्य आहे. हे व्यंग आनुवंशिक आणि इतर वैद्यकीय कारणांनी उद्भवते आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त होते. तरीही असे मूल जन्मले की आरोपी ठरते ती आई. मुलाला शल्यवैद्याकडे नेण्याऐवजी तिच्या हातून काय घडले याची चौकशी सुरू होते.

आणि हे नियमही सर्वांना सारखे नाहीत. गर्भवतीने धारदार वस्तूला शिवू नये असे सांगणाऱ्या समाजाला पोटुशी ऊसतोड कामगार बाई दिवसभर कोयता चालवते हे दिसत नाही. तिच्या बाळाची काळजी ना मुकादमाला, ना पंचांगाला. ग्रहणाची भाषाच पाहावी : आरंभ तो ‘स्पर्श’, शेवट तो ‘मोक्ष’ आणि मध्ये सारा विटाळ. चंद्राला ग्रासणारा राहू मांग जातीचा, ही लोकसमजूत याच मनोवृत्तीची. ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक देत दारोदार फिरणे गावाने ज्यांच्या वाट्याला दिले, ते गावकुसाबाहेरचे होते. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीतले मागतेपण झुगारण्याचा निर्धार दिला. सावलीला जात चिकटवणारी दृष्टी मात्र त्याने आपोआप गेली नाही.

श्रद्धेत हात घालू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. लोणी काळभोरच्या पुढे उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. उपवासाचे मोल त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल. पण उपवास स्वतःने पत्करायचा असतो, सुनेवर लादायचा नसतो. ज्याला ग्रहणात जप करावयाचा असेल त्याने तो खुशाल करावा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्येच, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ग्रहणातील उपास हा मात्र कायद्याचा विषय नव्हे. तो समजुतीचा विषय आहे आणि समजूत घालणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

त्यासाठी मुहूर्तही ठरलेला आहे. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण भारतातून दिसेल. साडेआठनंतर सावली लागेल, पावणेदहाच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकेल आणि पुढे सव्वा तासाच्या आसपास तसाच राहील. कार्यकर्त्यांनी शाळेचे मैदान किंवा मोठी गच्ची निवडावी. महामार्गाच्या आणि डेपोंच्या दिव्यांपासून जरा दूर जावे, कारण झाकलेला चंद्र फार अंधूक असतो. रेल्वेचे रूळ, कालव्याचा काठ आणि रस्त्याची कड टाळावी. त्या रात्री खरा धोका एवढाच. लहानांना गरम कपडे घालावेत. १९४४ पासून पुण्यात काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांकडे मार्गदर्शन मागावे. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांना आधीच सोबत घ्यावे, कारण घरातल्या सासूशी त्यांचे बोलणे भाषणापेक्षा अधिक पोचते. मैदानावर चूल पेटवावी आणि खग्रास अवस्थेतच सर्वांनी एकत्र जेवावे. त्या पंगतीत पहिले पान गर्भवतीचे असावे.