भिंतीला हात लावायचा नाही

गेल्या रविवारी एका नव्या प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट पाहिला. घ्यायचा मला नव्हता. मैत्रीण आणि तिचे यजमान बिनलिफ्टच्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून 'आता हे शेवटचं' म्हणत घर शोधतायत, त्यांच्यासोबत गेले. दोघांची सत्तरी उलटली आहे, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, हे विक्रीवाल्या मुलाला आल्या आल्याच सांगून झालं होतं. तरी त्यानं सगळ्यात उत्साहानं काय दाखवलं, तर मास्टर बाथरूम. काचेची बंद खोली, आत शिरायला चार बोटं उंचीचा कट्टा, चकचकीत टाइल, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. "धरायला काय आहे?" मी विचारलं. त्यानं टॉवेल रॉडकडे बोट दाखवलं.

टॉवेल रॉड टॉवेलचं वजन पेलतो. ओल्या जमिनीवर तोल गेलेल्या माणसाचं पेलत नाही. तो स्क्रूसकट हातात येतो आणि माणूस रॉडसकट खाली.

जुन्या न्हाणीत खरखरीत शहाबादी फरशी असे. बंबातलं पाणी घंगाळात काढून माणूस पाटावर बसून तांब्यानं आंघोळ करी. बसलेला माणूस पडून पडून पडणार कुठे? मग आपण उभे राहिलो आणि पायाखाली काच अंथरून घेतली. खुब्याचं हाड मोडण्याची साथ या टाइलांबरोबरच आली, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर म्हणतात, वयोमानानं हाडं ठिसूळ होतात. म्हणोत. माझ्या आजीची हाडंही काही पोलादाची नव्हती.

बसून, अंगावर पाणी ओतून घेत आंघोळ करणारा आणखी एक समाज म्हणजे जपानी. ठेंगणं स्टूल, हाताशी बादली. साबण लावून, अंग स्वच्छ धुऊनच मग गरम पाण्याच्या खोल टबात उतरायचं, म्हणजे तेच पाणी घरातल्या सगळ्यांना पुरतं. त्यांचं न्हाणीघर फार सुरक्षित आहे असं मात्र कुणी समजू नये. टबाच्या काठावरून पाय उचलून आत टाकणं हीच मुळात कसरत. त्यात हिवाळ्यात गारठलेल्या खोलीत कपडे उतरवून एकदम कढत पाण्यात बसलं की रक्तदाब वरखाली होतो, शुद्ध हरपते. दरवर्षी चार हजारांहून जास्त वृद्ध तिथे घरच्या टबात बुडून मरतात. रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या वृद्धांपेक्षा हा आकडा मोठा आहे. पाणी ४१ अंशांच्या वर तापवू नका, १० मिनिटांत बाहेर या, असं तिथलं ग्राहक खातं बजावत असतं.

फरक आहे तो पुढे. एप्रिल २००० पासून जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेचा सार्वजनिक विमा आहे. चाळिशी गाठली की हप्ता सुरू. ज्याला मदतीची गरज असल्याचं तपासणीत ठरतं, त्याला घरात बदल करायला दोन लाख येनपर्यंतच्या खर्चासाठी मदत मिळते. आपल्याकडचे लाखभर रुपये समजा. त्यातला स्वतःचा वाटा बहुतेकांना १० टक्के, उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३०. हा पैसा कशाकशाला चालतो ते पाहण्यासारखं आहे. दांडे बसवायला, उंबरे आणि पायऱ्या काढायला, घसरडी जमीन बदलायला, ढकलायचं दार काढून सरकतं लावायला, उकिडवं बसायच्या संडासाऐवजी कमोड बसवायला. यातली प्रत्येक गोष्ट भिंतीत, जमिनीत किंवा चौकटीत जाऊन बसते. न्हाणीतली खुर्ची, टबावर आडवी टाकायची फळी हे सामान या पैशांतून येतच नाही. त्याचं खातं वेगळं, वर्षाला एक लाख येनांपर्यंतचं. आणि काम सुरू करण्याआधी तिथल्या केअर मॅनेजरनं किंवा तशाच जाणकारानं लिहून द्यावं लागतं की या माणसाला, या घरात, हा बदल कशासाठी हवा. आधी ठोकून मग बिल पाठवलं तर पैसे मिळत नाहीत. सरकारी अटींचं कौतुक करण्याची मला सवय नाही, पण ही अट मला आवडते. हा माणूस कुठल्या हातावर भार देतो, याचा विचार झाल्यावरच ड्रिल भिंतीला लागतं. जो अंथरुणातून उठूच शकत नाही, त्याच्या घरी तीन जणांचं पथक गाडीतून टब घेऊन येतं, त्यात एक नर्स असते. खोलीतच आंघोळ घालतात आणि टब घेऊन निघून जातात.

आता आपलं. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. पासष्टीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये. त्यातून घ्यायचं काय? चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर. ज्याच्याकडे चष्मा नाही त्याला तो मिळत असेल तर मी नाक मुरडणार नाही. पण यादी पुन्हा वाचा. सगळं हातात धरायचं, अंगाला बांधायचं, नाहीतर बुडाखाली ठेवायचं. घराच्या एका विटेला धक्का नाही. घर निर्दोष आहे. म्हाताऱ्यालाच पट्टे आवळून त्यात बसवायचं.

सरकारला बोल लावून मोकळं व्हावं, तर आपल्या घरांतही हीच योजना चालू आहे, फक्त निधी जास्त. न्यू जर्सीचा मुलगा टाइलला हवेच्या दाबानं चिकटणारं हँडल पाठवतो. त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की शरीराचा पूर्ण भार टाकू नये. मग टाकायचं काय, विश्वास? मुलगी प्लास्टिकचं स्टूल आणते, त्याचे पाय साबणाच्या पाण्यात फाकतात. सून रबरी मॅट आणते, तिच्याखाली बुळबुळ धरते. सगळे मायेनं आणतात. ड्रिल मशीन मात्र कुणी आणत नाही. टाइल तडकेल, वॉटरप्रूफिंग जाईल, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर बरं दिसणार नाही. म्हातारी मंडळीही काही कमी नाहीत. "घराचा दवाखाना करू नका रे," असं म्हणणारे आजोबा रोज वीस लिटरची भरलेली बादली सरकवताना नळाला धरून उभे असतात.

त्या विक्रीवाल्या मुलाला मी महारेराचं ऐकवलं. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना महारेरानं २०२४ मध्ये नियम घालून दिले आहेत: रुंद दारं, बाथरूममध्ये दांडे, न घसरणाऱ्या टाइल. तो हसून म्हणाला, "ते सीनियर लिव्हिंगला, मॅडम. हा फॅमिली प्रोजेक्ट आहे." म्हणजे फॅमिलीत म्हातारं व्हायला परवानगी नाही. मुलगा चुकीचं बोलला नव्हता, हीच तर अडचण. ज्या इमारतीच्या जाहिरातीत पांढरे केस दिसतात तिथेच पाय घसरतो, अशी नियमांची समजूत दिसते.

विमा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याकडे एक खात्रीची योजना आहे, गळती. खालच्यांच्या छताला ओल आली की सोसायटीचं पत्र येतं आणि कधी ना कधी प्रत्येक बाथरूम फोडावंच लागतं. तेव्हा टाइलचा रंग निवडण्यात जेवढे दिवस जातात, त्यातला एक तास भिंतीला द्यावा. नव्या इमारतींत भिंती सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. साध्या प्लास्टिकच्या रॉवल प्लगवर तोललेला दांडा त्यातून उपसून येतो. तिथे केमिकल अँकर हवा, नाहीतर टाइलच्या आतच पक्का आधार बसवून घ्यायला हवा. अमेरिकेत सार्वजनिक जागेतल्या दांड्यानं २५० पौंड, म्हणजे ११३ किलो, पेलले पाहिजेत असा नियम आहे. कंत्राटदाराला हा आकडा सांगा, तो चिडेल. दार बाहेर उघडणारं करा. आतला माणूस दारामागेच पडला तर आत ढकलायचं दार त्याच्याच अंगावर अडतं. कडी बाहेरूनही उघडेल अशी घ्या. चौकटीतली ग्रॅनाइटची पट्टी काढायला सांगितली की गवंडी म्हणेल, पाणी बाहेर येईल. उतार नीट काढला तर येत नाही, आणि उतार काढायचेच त्याला पैसे देतो आपण.

दांडा कुठे लावायचा हे मात्र कंत्राटदाराला विचारू नका, इंटिरियरवालीला तर नकोच. ज्याची आंघोळ, त्याला कोरड्या बाथरूममध्ये कपड्यांनिशी स्टुलावर बसवा, उठायला सांगा, हात आपसूक भिंतीवर जिथे जाईल तिथे पेन्सिलीनं खूण करा. आणि "कशाला रे" असं तो म्हणायच्या आत ड्रिल सुरू करा.